मागच्या वाटेनं तळ्याकडे

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य तळ्यात गेलं. पोहण्यात नव्हे हो, जलपर्णी उपटण्यात. गावातल्या त्या मोठ्या वनस्पती उद्यानात मांडीभर पाण्यात उभं राहून वाकायचं, हिरवं गचपण मुळासकट ओढायचं, काठावर फेकायचं. एक कोपरा साफ होईतो दुसरा भरलेला. घरी आले की पाय स्टुलावर टाकून बसायचे. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, पोटऱ्या सुजलेल्या. मी मलम चोळायची आणि तोंडानं त्यांच्या साहेबाचा उद्धार करायची. हे डोळे मिटून म्हणायचे, "तू चोळ. बोलून सूज उतरत नाही."

मी मात्र ते उद्यान कधी आतून पाहिलं नाही. आमची खोली तिथून हाकेच्या अंतरावर, पण विषय काढला की यांचं ठरलेलं, "रोज जातो तिथंच सुट्टीलाही जाऊ?" पुढं मीच विचारायचं सोडलं. शिलाईमशीन, मुलगा, सासूबाईंचं दुखणं, यातून वेळ तरी कुणाला होता म्हणा.

आता हे निवृत्त झाले. खोली कामगारांसाठीची, ती सोडून मुलाकडे दुसऱ्या शहरात जायचं. सामान बांधून झालं तेव्हा मी म्हटलं, "उद्या गाडी. आज मला तळं दाखवा. ज्या पाण्यानं माझ्या माणसाचे पाय खाल्ले, ते एकदा बघितल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

"दमलोय गं," हे म्हणाले.

"मीही दमलेय. दमलेली माणसं काय बागेत जात नाहीत?"

गेलो. दारातून आत शिरलो आणि हे सवयीनं उजवीकडे, कुंपणाच्या फटीत घुसले. मी मागोमाग. आधी खताचे ढीग लागले, मग पंपघर, मग फुटक्या कुंड्यांची रास. मी नाक दाबून चालत होते. गुडघे बोंब मारायला लागले, पण हे आपले झपाझप पुढं. शेवटी एका पालथ्या क्रेटवर मी बसकण मारली.

"अहो, फुलं कुठायत? माणसं कुठायत? गोदाम दाखवायला आणलंत का मला?"

हे ओशाळले. मग हळूच सांगितलं. बाग उघडली की कामगारांनी समोरच्या वाटांवर यायचं नाही, लोकांच्या फोटोत येतात म्हणून. सगळ्यांनी झाडांच्या मागून जायचं. म्हणजे इतकी वर्षं तिथं राबून या माणसाला पुढची वाट ठाऊकच नव्हती. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. चुलीत घाला असला सरळपणा.

"चला," मी गुडघ्यावर हात देत उठले. "आज पुढून जायचं. विचारत विचारत."

फोटो काढणाऱ्या एका बाईनं वाट दाखवली. दोन्हीकडं फुलंच फुलं होती म्हणे. खरं सांगते, पायातल्या कळांपुढं मला एकाचाही रंग आठवत नाही.

मग झाडं संपली आणि तळं आलं. रुंद पायऱ्या, ओळीनं बाकं, आणि पाणी पार नजर पोचेपर्यंत. मी पहिल्याच बाकावर अंग टाकलं. हे उभेच.

"एवढं मोठं आहे होय हे?"

"मला काय विचारताय?"

"वाकलं की हातभरच दिसतं गं."

मी हाताला धरून बसवलं, तर परक्याच्या घरी टेकावं तसे कडेला टेकले. पलीकडच्या काठाला पाण्यात काही काळे ठिपके होते. खाली जायचे, वर यायचे. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"आमची माणसं आहेत ती," हे म्हणाले. "दुपारची पाळी. मीही तिथंच असायचो." मग म्हणाले, "इथून ओळखू आलो असतो का गं तुला?"

मला ती पाखरं वाटली होती.

"आला असता की," मी म्हटलं. "वाकायची तऱ्हा बघूनच ओळखलं असतं."

यांनी मान डोलवली. मग चपला काढल्या, सुजलेले पाय वर बाकावर घेतले आणि पाठ टेकून नीट बसले.