फक्त मुलींसाठीचा तास

पोरांनो, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या रोगांची माहिती तुमच्या शाळेत मुलगे आणि मुली एकाच वर्गात बसून घेतात, असे तुमची आई परवा फोनवर सांगत होती. आमच्या गोव्यात डिचोलीकडच्या शाळेत तसे नव्हते. मी तिथे जीवशास्त्र शिकवत असे. वर्षातून एकदा एक नर्स बारावीच्या वर्गावर येई आणि तासभर बोले. तेवढा वेळ मुलग्यांना फुटबॉल खेळायला पाठवत. "टीचर, ते नुसते हसत बसतील," असे हेडमास्तर म्हणत. मला ते पटले होते. वेळापत्रक मीच करायची आणि त्या चौकटीत 'फक्त मुली' असेही मीच लिहायची.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिच्या लग्नाला वर्ष झाले होते. नवरा जवळच्याच नार्वे गावचा, तिच्याच वर्गातला. पाणी पिऊन झाल्यावर तिने पर्समधून तपासणीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तिला अशाच एका रोगाचा संसर्ग झाला होता. पणजीच्या डॉक्टरने दोनदा गोळ्या दिल्या, दोनदा बरे वाटले आणि पुन्हा तेच. नवऱ्यानेही बरोबरच औषध घ्यायला हवे होते. तो घेत नव्हता. असेच चालले तर आतल्या नलिकांना इजा होऊन पुढे मूल होणे अवघड जाईल, हे तिला ठाऊक होते. आमच्याच शाळेत ऐकले होते.

"तो डॉक्टराचें आयकना," ती म्हणाली. "तुमचें आयकतलो. तुमकां अजून भियेता."

रविवारी ती त्याला घेऊन आली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"टीचर, माका कायच त्रास नाय. मगे गोळ्यो कित्याक? कागदार नांव हिचें आसा."

"तू तपासून घेतलेस का?"

"ना."

"मग तुझे नाव कागदावर कुठून येईल?"

ती हसली. तो हसला नाही. मनात होते ते त्याने विचारले. "म्हणजे हें हिणें खंयसून हाडलें?"

तिने मान खाली घातली. मी वर्गात बोलायची तसे बोलले. पुरुषाला पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. बाईलाही महिनोन्‌महिने दिसत नाही. म्हणून कोणाकडून कोणाला, लग्नाआधी की नंतर, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. एकानेच औषध घेतले तर दुसऱ्याकडून रोग परत येतो. दोघांचे औषध पुरे होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध ठेवायचा नाही. निरोध वापरला तर धोका बराच कमी होतो. सगळे सांगायला दहा मिनिटे लागली.

"हें आमकां कोणेंच कशें सांगूंक ना?" त्याने विचारले.

"बारावीत नर्सने सांगितले होते."

"आमकां तेन्ना फुटबॉल खेळूंक धाडलेले."

"आनी थंयसरय हरून आयले," ती म्हणाली.

मी चहा ठेवायला आत गेले.

चहा पिता पिता तो डॉक्टरकडे जायला तयार झाला, पण बसने नाही. "टीचर, पणजेच्या बशीत अर्दें नार्वें आसता." सोमवारी दोघे स्कूटरवरून गेले. मी शाळेत जाऊन यापुढे मुलग्यांनाही त्या तासाला बसवा, असे सांगितले. पालकांना विचारतो, असे हेडमास्तर म्हणाले. अजून विचारताहेत.

तीन-चार महिन्यांनी ती एकटीच आली. दोघांनी गोळ्या पुऱ्या केल्या होत्या आणि फेरतपासणीत तिला काही निघाले नव्हते. कागद तिने मला वाचायला दिला, मग घडी घालून परत पर्समध्ये ठेवला.

"तो अजून विचारता," ती म्हणाली. "जेवताना मदींच. कोणाकडसून आयलें म्हणून."

"मग तू काय सांगतेस?"

"दोगांतल्या एकाकडसून, म्हणून सांगतां. आनी ताच्या ताटांत नुस्त्याचें हुमण वाडटां."