वास नसलेले गुलाब

काकूंनी नवसासाठी गुलाब मागितले तेव्हा मी भाव वाढवून सांगितला.

द्वारका चौकाजवळ माझं फुलांचं दुकान आहे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही मुळातच चढा भाव सांगतो. मग थोडं खाली यायचं, म्हणजे दोघंही खूश. काकूंनी इतक्या वर्षांत सुट्ट्या फुलांसाठीसुद्धा कधी घासाघीस केली नव्हती. तरी त्या दिवशी मी चढा भाव सांगितला, कारण ऑर्डर मोठी होती आणि काकू ज्यू होत्या.

माझ्या ओळखीत ज्यू माणूस म्हणजे फक्त काकू. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, मराठीच बोलणाऱ्या, आडनावाला आमच्यासारखंच ‘कर’ असलेल्या. त्या नर्स होत्या. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात घरी येऊन इंजेक्शन देऊन जायच्या आणि चहाशिवाय काही घ्यायच्या नाहीत. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण मोबाईलवर येणारं वाचून माझ्या डोक्यात दुसरंच काही बसलं होतं: हे लोक पैशाला पक्के, सगळ्या जगाचा व्यापार यांच्या हातात. कौतुकाच्या सुरात लिहिलेलं असायचं, म्हणून त्यात काही वाईट आहे असं वाटलंही नाही. मीही ते पुढे पाठवलं होतं.

काकू भाव ऐकून “बरं,” म्हणाल्या आणि पर्स उघडली.

तेव्हा तरी मला लाज वाटायला हवी होती. पण माझ्या मनात आलं, एवढे सहज काढून दिले, म्हणजे असणारच भरपूर. त्यांनी घासाघीस केली असती तरी माझं म्हणणं खरं ठरलं असतं आणि नाही केली तरी खरंच ठरलं. असल्या समजुतीला काहीही चालतं.

“चांगले दे हं,” काकू म्हणाल्या. “नातीचा नवस फेडायचाय. नवसात गुलाब हातोहात फिरतात. आणि संध्याकाळी आईला घेऊन ये.”

हातोहात का फिरतात, हे मी विचारलं नाही. दुकानात मी एक रंगीत तक्ता लावलाय: लाल गुलाब प्रेमाचा, पिवळा मैत्रीचा, पांढरा शांतीचा. कॉलेजच्या पोरांसाठी. मी त्यातलं प्रेम उचललं. दिंडोरीकडच्या पॉलीहाऊसमधले लांब दांड्याचे लाल गुलाब आदल्या दिवशीचे उरले होते. बाहेरच्या मलूल पाकळ्या सोलल्या, पाणी मारलं आणि पाठवून दिले.

संध्याकाळी आईला घेऊन गेलो. हॉलमध्ये चादरी अंथरल्या होत्या. ठाण्याहून नातेवाईक आले होते. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, बायकांच्या डोक्यावर पदर. मधोमध मोठ्या ताटात मलिदा होता, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. भोवती फळं आणि माझे गुलाब. काकूंचे दीर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने हिब्रूत गात होते आणि बाकीचे साथ देत होते.

शेजारी बसलेल्या काकूंच्या जावयाला मी हळूच विचारलं, “गुलाब कशासाठी?”

“वास घ्यायला. ज्यानं सुगंध निर्माण केला त्याचे आभार मानायचे. आज आमच्या मुलीसाठी तर खासच,” ते म्हणाले. “आजारात तिला वास येणंच बंद झालं होतं. गेल्या महिन्यात परत यायला लागला.”

मी ताटाकडे पाहिलं. त्या जातीच्या गुलाबाला वास नसतो. फुलांच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

गाणं थांबलं. पहिला गुलाब नातीच्या हातात दिला. कॉलेजात जाणारी मुलगी, गेलेले केस नुकते बोटभर वाढलेले. तिने फूल नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग आईकडे पाहिलं.

“मम्मी, वास येत नाहीये.”

आईने फूल घेऊन हुंगलं. “येतोय की गं. हलकासा.”

“बघू,” मावशी म्हणाली. “हो, येतोय. नीट घे, श्वास आत ओढ.”

पाहुण्यांसमोर फुलाला नावं कशी ठेवायची? म्हणून सगळे हो म्हणत होते. आणि प्रत्येक ‘हो’बरोबर त्या मुलीचा चेहरा उतरत होता. “सगळ्यांना येतोय, मला एकटीलाच नाही,” ती म्हणाली. “परत सुरू झालं ना हे? खरं सांगा.” माझ्याशी बोलणारे तिचे वडील उठून उभे राहिले होते. डॉक्टरांना फोन लावू का, असं ते काकूंना विचारत होते.

खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो होतो. बोललो तर पुढचा प्रश्न येणार होता. मी वाट पाहत होतो की माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी बोलेल. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतंय.

आईने कोपराने ढोसलं. तिचा जन्म फुलांच्या शेतात गेलाय. तिने आपल्या जागेवरूनच ओळखलं होतं. “मूग गिळून काय बसला? पोरगी रडती हाय. बोल की!”

“तिला काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “फुलालाच वास नाही. पॉलीहाऊसचे आहेत. त्यांना नसतोच.”

“मग नवसाला असले कशाला दिले?” मावशीने विचारलं.

“उरलेले होते.”

काकू उठल्या, गॅलरीतल्या कुंडीतून सब्जाची डहाळी खुडून आणली, बोटांनी चुरली आणि नातीच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटले. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

“येतोय,” ती म्हणाली. “आजी, येतोय.” आणि तिला हुंदका आला. तिचे वडील मटकन खाली बसले. काकूंच्या दिरांनी आभाराची प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि ती डहाळी हातोहात फिरली. माझ्यापर्यंत आली तेव्हा वास कसा घ्यावा तेच मला कळेना.

नंतर मी स्वयंपाकघरात गेलो. काकू द्रोणांत मलिदा भरत होत्या.

“काकू, भावही जास्त लावला होता मी.”

“माहितीये.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी हात थांबवला नाही. “या गल्लीतली एकूण एक बाई तुझ्याशी भाव करते. तुझी आई तर भाजीवाल्याला रडवते, आणि आपण सगळे हसतो. मी एकदा जरी ‘कमी कर’ म्हटलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?”

मी काय म्हणालो असतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“नोकरीला लागल्यापासून असंच,” त्या म्हणाल्या. “कुठेही सांगितले तेवढे देऊन मोकळी होते. आमच्या ह्यांना राग यायचा, फसतेस म्हणायचे. फसते ते कळतं मला. पण ‘पैशाला पक्की’ म्हणवून घेण्यापेक्षा बरं.”

“मी पैसे परत करतो, काकू.”

“कर. ते घेईन मी.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “पण तेवढ्याने झालं, असं समजू नकोस.”

बाहेरून आई हाक मारत होती. काकूंनी एक द्रोण माझ्या हातात दिला, आईसाठी म्हणून एक दुसऱ्या हातात ठेवला आणि पुढचा भरायला घेतला. दोन्ही हात भरलेले, त्यामुळे मला डोळेही पुसता येईनात. तसाच हॉलमधून सगळ्यांसमोरून बाहेर आलो.