बाबलकाकांचा घरातला आवाज

गेल्या रविवारी लॅपटॉप पाठीला लावून स्कूटरवरून पेडण्याहून डिचोलीला गेले. शेवंतीकाकींना त्यांच्या नवऱ्यावर केलेली फिल्म दाखवायची होती... आणि नवरा आता नव्हता.

मी शाळांसाठी माहितीपट बनवते. हस्तकला, गावातल्या शाळा, कचरा, पाणी असले विषय. ग्लॅमर शून्य, ऊन भरपूर. डिचोलीचे बाबलकाका कुंभार. त्यांच्यावरची फिल्म उन्हाळ्यात शूट केली आणि एडिटिंग पूर्ण व्हायच्या आत काका झोपेतच गेले. फोन आला तेव्हा मी त्यांच्याच हातांचे क्लोजअप लावत बसले होते. त्या दिवशी पुढे काही कामच झालं नाही.

काका एरवी मोठे गमत्ये. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायचे. पण ही फिल्म शाळेतली मुलं बघणार हे कळलं, आणि आपण शुद्धच बोलायचं असं त्यांनी ठरवून टाकलं!

शूटिंगच्या दिवशी चिखलात काम असूनही इस्त्रीचा शर्ट घालून चाकाशी बसले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "सर्वप्रथम आपण माती आणावी. तदनंतर ती मळावी." मी किती विनवण्या केल्या, काका, घरी बोलता तसं बोला हो. ऐकतील तर शपथ! "भुरग्यांक शुद्ध जाय," मुलांना शुद्धच हवं म्हणाले... आणि पुन्हा तदनंतर. शेवटी मीच हट्ट सोडला.

तर रविवारी काकी भिंतीला टेकून बसल्या, मी समोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला. संपूर्ण फिल्म त्यांनी पदर मुठीत धरून बघितली. संपल्यावर आता रडतील असं मला वाटलं, पण नाही.

"बरी जाल्या गो बाय," त्या म्हणाल्या. "पूण ते तशे उलयनासले. हो परक्या मनशाचो आवाज दिसता."

काका घरी असे बोलतच नसत, हे मलाही ठाऊक होतं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच हळूच विचारलं, "तेंचो घरातलो आवाज आसा काय तुजेकडे? दीस वतात तसो म्हाका तो आठवना जायत चल्ला..."

दिवस जातील तसा तो आवाज त्यांना आठवेनासा होत चालला होता. मी विचारलं, फोनमध्ये कधी काही रेकॉर्ड केलं नाही? कुणाशी बोललेलं, काहीही?

"आमी दोगांय घरांतच. फोन कोण कोणाक करतलो?"

मी हार्ड डिस्क उघडली आणि शोधायला बसले. ही मुलाखत, ती मुलाखत, चाकावरची, भट्टीजवळची... सगळीकडे तेच इस्त्री केलेले काका. इतकं शूट केलं आपण, आणि या बाईला तिचा माणूस म्हणून द्यायला काहीच नाही, असं वाटून मला तिथेच रडू यायला लागलं.

मग रूम टोनचा फोल्डर दिसला. शूटिंग संपलं की सगळ्यांनी गप्प राहायचं आणि त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायचा, अशी आमच्या धंद्यातली पद्धत आहे. एडिटिंग करताना दोन वाक्यांमधली फट भरायला तो लागतो. बिघडलेले टेक आम्ही काढून टाकतो. हा एक तेवढा ठेवला होता, कारण त्या दिवशी त्याच्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो.

मी काही न सांगता तो लावला.

आधी शांतता. लांब कुठे कावळा, आणि माईकजवळ बसलेल्या काकांचा श्वास. मग गल्लीच्या तोंडाशी पोदेराचा हॉर्न... पोंक पोंक. गोव्यात सायकलवरून पाव, उंडे घेऊन येणारा हा पोदेर कुणासाठी थांबत नाही. ज्याला ऐकू येईल त्याने घरात ओरडून सांगायचं, हा नेम. काकांना त्या क्षणी ना कॅमेरा आठवला ना शुद्ध भाषा...

"गो शेवंते! पोदेर आयलो गो! उंडे घे! पळय, वता तो!"

"येतां हां!" काकी म्हणाल्या.

आणि उठल्या. खरंच उठल्या. दारामागे टांगलेल्या पिशवीकडे हातसुद्धा गेला त्यांचा. मग लॅपटॉपमधून आम्हा सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला आणि त्या तिथेच, पिशवी धरून उभ्या राहिल्या. मला मान वर करवेना.

थोड्या वेळाने दाराशीच खाली बसल्या आणि मोकळेपणी रडल्या. मीही रडले, लाजायचं काय त्यात. डोळे पुसून म्हणाल्या, "परत लाय." मी पुन्हा लावला. मग आणखी किती वेळा ऐकला कोण जाणे... दर वेळी त्या ओठातल्या ओठात 'येतां' म्हणत होत्या.

निघताना तो आवाज त्यांच्या फोनवर घालून दिला. म्हटलं, फिल्मच्या शेवटी घालू का? मुलांना फार आवडेल.

"नाका," त्या म्हणाल्या. "भुरग्यांखातीर ते शुद्ध उलयले, तें भुरग्यांक दी. हें म्हजें."

म्हणून फिल्म आहे तशीच शाळांमध्ये जाईल, तदनंतरसकट. काकांना हवी होती तशी.

नेमका नको तेव्हा आला म्हणून त्या दिवशी ज्याच्या नावाने आम्ही कपाळावर हात मारला, त्या पोदेराचे मात्र आभार मानायचे राहून गेलेत... बाबा रे, फार वेळेवर आलास.