‘बाहेर पडा’च्या जागी

आमच्या घरात भुतांना प्रवेश नव्हता. आईने तसं पत्रकच काढलं होतं. ‘भूत नसते, भीती असते’ हा त्याचा मथळा. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव चालू असताना आई बायकांशी वाद घालायची आणि मी कागद पुढे करायचो. ओल्या हातांत पडलं की पत्रकाची शाई पसरायची, तरी आई वाटायची थांबत नसे. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकांवरच वाचायला शिकलो.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती राजापूरला संगणकाचे वर्ग घ्यायची आणि घरच्या संगणकावर तिने लिनक्स ही कुणालाही बदलता येणारी प्रणाली बसवली होती. त्यात तेव्हा मराठी अर्धीमुर्धीच होती, म्हणून पडद्यावरचे इंग्रजी शब्द ती स्वतः मराठीत आणत बसायची. काम संपवून निघायच्या बटणावर तिने लिहिलं, ‘येते’.

मी भांडलो. “यंत्रावर ‘येते’ काय? सरळ ‘बाहेर पडा’ लिही.”

“पाहुण्याला हाकलतोयस की काय? आपल्याकडे निघताना ‘जाते’ तरी म्हणतं का कुणी?”

“आणि मी दाबलं तर?”

“तर तेवढ्यापुरता मुलगी हो. झिजणार नाहीस.”

त्याच वर्षी एका सकाळी ताई दारातून “येते गं” म्हणून राजापूरच्या एसटीसाठी निघाली. परतीच्या वाटेवर अपघात झाला. ती आली नाही.

नंतर आई पत्रकांचा मजकूर स्वतः टाइप करू लागली. संध्याकाळी उठताना ते बटण दाबायची, पण दाबण्याआधी थांबायची. तिचे ओठ हलायचे. मी पाहायचो.

पत्रकं मात्र मोडकी छापली जात होती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर पडायची, जोडाक्षरं फुटायची. इंग्रजीचा एक ठिपका हलला तर जगभर बोंब होईल. मराठीची वेलांटी ढळली तर लोक म्हणणार, चालायचंच! मला नव्हतं चालत. एका रविवारी दुपारी मी लिनक्सची नवी आवृत्ती बसवली.

वेलांट्या जागेवर आल्या, पण सगळा पडदा इंग्रजी झाला. संगणकाची भाषा विचारणारी आज्ञा दिली. उत्तर आलं, ‘सी’. हे एकच अक्षर. ही कुठल्याच देशाची, कुठल्याच माणसांची भाषा नव्हे. काहीच ठरवलेलं नसलं की यंत्र तिच्यावर येतं. उपलब्ध भाषांत मराठी नव्हती. यंत्राकडून ती तयार करून घेतली, सेटिंगमध्ये लिहिली, पुन्हा लॉगिन केलं. पडदा मराठी झाला. मी अभिमानाने आईला हाक मारली.

ती चष्मा लावून बटणाकडे बघत राहिली. तिथे ‘बाहेर पडा’ होतं.

“हे कोण बोलतंय?”

“नव्या आवृत्तीबरोबर आलेलं भाषांतर आहे. शुद्ध आहे.”

“आणि तिचं?”

ताईच्या शब्दांची फाइल संगणकावरच्या तिच्या खात्यात शाबूत होती. ती परत बसवणं अवघड नव्हतं, पण माझा हात पुढे होईना. मेलेल्या माणसाचा शब्द मुद्दाम यंत्रात बसवायचा आणि रोज संध्याकाळी त्याची वाट पाहायची? याविरुद्धच तर आम्ही जेटीवर घसा फोडत होतो.

“आई, ते यंत्र आहे. त्यात ताई नाही.”

“मला पत्रक वाचून दाखवू नकोस. ते मीच लिहिलंय.” मग आवाज खाली आला. “भूत नसतं. माहीत आहे मला. पण माझ्या घरात तिला ‘बाहेर पडा’ म्हणायचं नाही.”

मी खुर्ची पुन्हा संगणकापुढे ओढली.

ताईची फाइल मी नव्या आवृत्तीला वाचता येईल अशी करून घेतली आणि त्या शुद्ध भाषांतराच्या जागी ठेवली. पुन्हा लॉगिन. कोपऱ्यात शब्द उमटला. येते.

“दाब,” आई म्हणाली.

मी दाबलं. तेवढ्यापुरता मुलगी झालो. पडदा क्षणभर काळा झाला आणि काचेत आमचे दोघांचे चेहरे दिसले.

“ये हो,” आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दाराकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तरी बघितलंच.