रंगूनची बांगडी आणि तापीकाठचं शेत

जानेवारीत शहाद्याला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. मी नाशिकमध्ये रत्नं तपासून देते. बहुतेक कामं पोस्टाने किंवा कुरियरने येतात, पण ही वस्तू येणं शक्य नव्हतं. फोनवरच्या गोविंद पाटलांनी सांगितलं, "ताई, जेडची बांगडी आहे. वहिनीच्या हातात आहे आणि निघत नाही. तुम्हालाच यावं लागेल."

जेडची बांगडी म्हणजे एकाच हिरवट मौल्यवान दगडातून कोरलेलं कडं. त्याला ना सांधा, ना पेच. तरुणपणी हातात चढवली की हात भरल्यावर तिथेच राहते. अशी जुनी बांगडी खानदेशात कशी पोचली, हे बघायचीही उत्सुकता होती. मी हो म्हटलं.

नाशिकहून सकाळच्या एसटीने धुळं, तिथून दोंडाईचामार्गे शहादा. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्याचा खर्च चहानाश्त्यात गेल्यासारखाच वाटतो. धुळ्यापुढे रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. सारंगखेड्याच्या पुलावर तापी दिसली. नदी इथे एवढी रुंद आणि संथ आहे, की पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते बघावं लागतं. त्यानंतर दोन्ही बाजूंना केळी, पपई, पुन्हा केळी. शहाद्यात बसस्थानकाजवळ स्वच्छ लॉज मिळतो, हजाराच्या आत. रात्री शेवभाजी मागवताना "कमी तिखट" सांगितलं. वेटर म्हणाला, "कमीच शे, ताई." ती कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून लोणखेड्यावरून पुढे तापीकाठच्या गावी गेले. पाटलांचं घर रस्त्यालगतच आहे, पुढे पत्र्याची शेड आणि तिथे केळीच्या घडांची भरणी चाललेली. मजुरांना सूचना देणाऱ्या साठीच्या बाई म्हणजे शांताबाई, गोविंदभाऊंच्या थोरल्या वहिनी. पती जाऊन बरीच वर्षं झाली, शेती त्याच बघतात. डाव्या हातात हिरवी बांगडी होती.

गोविंदभाऊ आणि त्यांच्या पत्नी ऊर्मिलाबेन सुरतेहून आदल्या दिवशीच आले होते. भाऊंचं तिकडे कापडाचं दुकान आहे. चहा होईपर्यंत त्यांनी सगळा मामला समजावला. त्यांच्या वाट्याचं दोन एकर शेत शांताबाई वर्षानुवर्षं बटाईने कसतात. आता भाऊंना ते विकायचं होतं. शहाद्यातला एक जण घ्यायला तयार होता, पण शांताबाईंनी आधी मागितलं. त्यांच्याजवळ साठलेल्या पैशात एक एकर बसत होतं. दुसऱ्या एकराच्या बदल्यात भाऊ बांगडी घेणार होते.

"सोनं आता हाताबाहेर गेलं," भाऊ म्हणाले. "जेडमध्ये वाढ आहे. मी व्हिडिओ बघतो ना रोज. अशा एका बांगडीत चीनमध्ये फ्लॅट येतो."

मी पिशवीतून दिवा काढला. तपासण्याआधी बोलायचं नाही, हा माझा नियम आहे.

बांगडी शांताबाईंच्या सासूबाईंची, म्हणजे भाऊंच्या आईची. त्यांचे वडील रंगूनला तांदळाच्या पेढीवर नोकरीला होते. परत येताना लेकीसाठी ही आणली, आणि लेकीने पुढे थोरल्या सुनेच्या हातात घातली. सांगता सांगता शांताबाई बांगडी मनगटाभोवती फिरवत होत्या.

हातात असतानाही थोडं तपासता येतं. चादरीखाली अंधार करून अतिनील दिवा धरला. आम्लात धुऊन आत रेझीन भरलेला दगड अशा उजेडात बहुधा दुधी निळा चमकतो. हा चमकला नाही. पण वजन आणि घनता बघायला बांगडी काढणं भाग होतं.

"काढू या," शांताबाई म्हणाल्या आणि मोरीत गेल्या. ऊर्मिलाबेन साबण घेऊन मागोमाग. दार उघडंच होतं. शांताबाईंनी अंगठा तळहातात मुडपला आणि ऊर्मिलाबेन ओढत होत्या. "दुखतंय का, भाभी?" "ओढ तू." बांगडी निघाली तेव्हा हाताची मागची बाजू लालभडक झाली होती, आणि मनगटावर इतक्या वर्षांत ऊन न लागलेला फिकट पट्टा. शांताबाईंनी हात पदराखाली घेतला.

ओसरीवर मी काटा मांडला. हवेत वजन, मग पाण्यात बुडवून वजन. घनता बरोबर आली, अस्सल जेडाइट, म्हणजे खरा जेड. रंगही नैसर्गिक. भाऊंचा चेहरा उजळला. मग बांगडी दोऱ्याला टांगली आणि पेन्सिलीने हलकेच टोकलं. अखंड जेड घंटीसारखा वाजतो. ही चहाच्या कपासारखी बद्द वाजली.

विजेरीच्या उजेडात तडा दिसला. दगडात जन्मापासूनच्या शिरा असतात, त्या उजेडात धूसर दिसतात. इथे उजेड एका रेषेवर येऊन थांबत होता आणि नख अडकत होतं.

"ताई, खरं काय ते सांगा," शांताबाई म्हणाल्या. "मन्हा मुलाहिजा धरू नका."

दीर-वहिनी दोघांनी मिळून मला बोलावलं होतं. एकाला कमी सांगितलं तर दुसऱ्याचं नुकसान. मी सरळ सांगितलं. दगड अस्सल आहे, रंग मध्यम आहे, तडा खोल आहे. पाच-सात वर्षांपूर्वी मध्यम मालालाही गिऱ्हाईक धावत यायचं. आता फोनवर थेट विक्री चालते, प्रक्रिया केलेला माल बेसुमार आलाय, आणि भाव टिकलाय तो फक्त पारदर्शक, निर्दोष, वरच्या प्रतीच्या दगडाचा. सोन्याचा भाव रोज पेपरात छापतात, जेडचा कुठेच छापत नाहीत. विकायला गेलं की समोरचा देईल तोच भाव.

"म्हणजे किती?" भाऊंनी विचारलं.

"एखाद्या चांगल्या म्हशीएवढे येतील. तेही नशिबाने."

भाऊ वहिनींकडे वळले. "तडा आहे हे तुम्ही बोलला नाहीत."

"बोलनू नही? पंपना पाइपवर आपटनी व्हती, तुले सांगेल शे. तू म्हणे, जेड फुटत नही."

ऊर्मिलाबेननी मान हलवली. "माझ्यासमोर सांगितलेलं. तुम्ही तेव्हा मोबाइलमध्ये होतात."

भाऊ उठून शेडकडे गेले. परत आले ते निर्णय घेऊनच. "शेत त्या शहाद्यावाल्याला देतो. दोन्ही एकर. त्याला तुकडा नको, अख्खं पाहिजे."

मला तिथे बसणं अवघड झालं. शांताबाई म्हणाल्या, "आधी जेवी ल्या." भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. चव सांगण्यासारखी होती, पण सगळे ताटात बघूनच जेवले.

जेवण झाल्यावर शांताबाईंनी आम्हाला शेतात नेलं. गुडघाभर केळी, सगळी त्यांनी लावलेली. मधोमध विहीर. बांधावर उभ्या राहून त्या दिराला म्हणाल्या, "पैसा रोख शेतस. एक एकर मले दे, इहिरीना हिस्सासकट. बाकीनं कोनलेबी दे."

"विहिरीचा हिस्सा दिला तर उरलेल्या एकराचा भाव पडेल."

"मग बांगडी घे. हिस्सानी किंमत."

"तडा गेलेली?"

"मला हवी ती," ऊर्मिलाबेन म्हणाल्या. आम्ही तिघंही त्यांच्याकडे वळलो. "सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांना मीच आंघोळ घालायची. भाभींच्या हातातली बांगडी बघायचे. बोलले कधी नाही. विकायला नको आहे मला."

भाऊंनी विहिरीच्या कठड्याला टेकून पाणी किती आहे ते पाहिलं. मग म्हणाले, "हिस्सा निम्मा. उरलेल्यासाठी दुसरं गिऱ्हाईक बघतो. मोजणीचा खर्च वहिनींचा."

"चालीन," शांताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या खाली बांधावरच बसल्या. उरलेल्या एकराकडे त्यांनी एकदाच पाहिलं. तिथली केळी जास्त तजेलदार होती, काळी जमीन त्याच बाजूला आहे.

ऊर्मिलाबेनच्या हातात बांगडी चढली नाही. साबण लावूनही अंगठ्याच्या हाडाशी अडली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. निघताना शांताबाईंनी माझ्या पिशवीत वेलची केळी आणि सातपुड्यातला आमचूर घातला. मी परीक्षणाची फी अर्धी करते म्हटलं तर रागावल्या. "काम पुरं करं, पैसा पुरा ल्या."

परतीचा रस्ता मुद्दाम नंदुरबारचा घेतला. प्रकाशाला संगमावर थांबता येतं, देवळं नदीला लागून आहेत आणि दुपारी गर्दी नसते. नंदुरबारच्या बाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, मिरची वाळत घातलेली, नजर पोचेल तिथपर्यंत लाल जमीन. हिवाळ्यात जाणार असाल तर रिक्षावाल्याला "पथारीवर घेऊन चला" एवढंच सांगा, आणि नाकाला रुमाल बांधा. घरासाठी दोन किलो मिरची घेतली. तिथे व्यापारी मिरची हातात चोळून, हुंगून भाव ठरवत होता आणि समोरचा शेतकरी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. मी फार वेळ थांबले नाही. सकाळपासून तसे चेहरे बरेच बघून झाले होते.

नाशिकला आल्यावर लोक जेडमधल्या गुंतवणुकीबद्दल विचारतात, त्यांना मी आता आधी विचारते, की विकणार कुणाला? जेड घ्यावा आवडला तर, प्रमाणपत्र बघून, आणि पैसे विसरायची तयारी ठेवून.

शांताबाईंचा मार्चमध्ये फोन आला. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले. पलीकडच्या एकरात नव्या मालकाने केळी काढून पपई लावली आहे. "दिसस रोज," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मिरचीला कडक ऊन द्या म्हणून सांगितलं.

गेल्या आठवड्यात गोविंदभाऊंचा फोन आला. जेडचा बाजार सुधारतोय का, विचारत होते.

"तुमच्या बांगडीसाठी?"

"ऊर्मिला विकू देणार नाही. कपाटातून काढते, बघते, ठेवते."

"मग भाव कशाला विचारताय?"

"सवय आहे हो, ताई," म्हणाले आणि हसले.