पाटल्या खाणीत गेल्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की घास गोड लागत नाही. मी तेव्हा ठाण्यात हवालदार होते. वर्तकनगरच्या एका सोसायटीतल्या काकू रडत पोलीस स्टेशनला आल्या. लग्नातल्या पाटल्या कपाटातून गेल्या होत्या. कुलूप शाबूत. संशय घरकामाच्या बाईवर. साहेबांनी फिर्याद घेतली, चौकशी माझ्याकडे दिली.

बाई एकच सांगत राहिली, "मॅडम, त्या कपाटाला मी हात लावत नाही. काकू स्वतः पुसतात." तिच्या खोलीची झडती घेतली, काही मिळालं नाही. तोवर सोसायटीतल्या बाकीच्या घरांनीही तिला काढून टाकलं होतं.

पाटल्यांचं वर्णन आम्ही सराफांना दिलं होतं. कोपरीतल्या एका सराफाचा फोन आला. पाटल्या त्याला विकणारा माणूस काकूंचा नवराच निघाला.

काकांना बोलावलं. आधी आवाज चढला. "माझ्या घरातलं सोनं. चोरी कसली?"

"मग बायको फिर्याद देत होती तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

काका खाली बसले. "विकून पैसे उडवले नाहीत हो. सोन्याच्या खाणीच्या कंपनीचे शेअर घेतले. सोनं सोन्यातच आहे."

"खाणीतून सोनं निघतं?"

"निघेल. खोदकाम सुरू व्हायचंय."

"खोदायला कंपनीकडे पैसा आहे?"

"ते नाही बघितलं. सोन्याचा भाव रोज बघत होतो."

सोनं चढत होतं, शेअर मात्र पडला होता. तो वर आला की नव्या पाटल्या करून गुपचूप ठेवायच्या, असा काकांचा बेत होता. खोदकामाला पैसा नाही हे कंपनीने आपल्या अहवालात लिहिलेलंच होतं. अटक कुणाला करणार? नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला काकू तयार नव्हत्या. केस बंद झाली.

काकू बाईला म्हणाल्या, "झालं गेलं विसर गं. उद्यापासून ये."

बाई म्हणाली, "काकू, माझं नाव घरोघर सांगितलंत. आता काकांचंही सांगा, मग येते."

काकूंनी दुसरी बाई ठेवली.

चोर सापडला नाही तरी चालतं, पण ज्याच्यावर आळ आला त्याचं नाव साफ व्हायला हवं, हे मी त्या केसमध्ये शिकले. पोलिसांच्या कागदावर ती बाई निर्दोष आहे. सोसायटीत आजही सांगतात, पाटल्या कामवालीने नेल्या.