पाताळनगरीचं ओगराळं

आमच्या स्वयंपाकघरात असं एकही भांडं नाही, ज्यावर आत्मारामने काही लिहून ठेवलेलं नाही. मी मूळचा चिपळूणकडचा. नोकरीतून सुटलो आणि गास नावाच्या गावाच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. आल्या आल्या बायको, सुमेधा, नवा कुकर घेऊन त्याच्या दुकानात नाव घालायला गेली. फक्त 'सुमेधा' घाला, एवढंच तिने सांगितलं होतं. कुकर घरी आला तेव्हा त्यावर होतं, 'सौ. सुमेधा सदानंद यांस संसारोपयोगी'. मी जाब विचारायला गेलो तर आत्मारामने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "जागा होती."

तिथपासून आमची दोस्ती.

भांड्यांवर नावं घालण्याचा त्याचा धंदा चौतीस वर्षांचा. दुकान म्हणजे एक कपाटच, त्यात तो, त्याचं घरघरणारं मशीन आणि एक स्टूल. स्टुलावर बहुधा मी. कोरं भांडं त्याला बघवत नसे. दोन भाऊ वेगळे झाले की एकाच्या घागरीवर तो मुद्दाम दोघांचीही नावं घालायचा, म्हणजे भांडायला का होईना, पण एकमेकांच्या दारात जातील. तूप चोरून खाणाऱ्या दिराचं नाव तुपाच्या भांड्याच्या आतल्या बाजूला घालण्याची कल्पना त्याचीच. त्याच्या 'भ'ची शेपटी वर वळलेली असे. तेवढ्या शेपटीवरून गासमधलं शाळकरी पोरही सांगेल, हे आत्मारामचं अक्षर.

असा हा माणूस, आणि गावातल्या लग्नाच्या पंगतीत त्याच्या हातात कायम पाण्याचा जग. मी सहा लग्नं पाहिली. गावातला धनेश वरण वाढतो, कोणी भात वाढतो, कोणी भाजी, आणि आत्माराम आपला 'पानी, पानी' करत फिरतो. सातव्या लग्नात मी विचारलंच. त्याने मला हात धरून गावच्या बावीवर नेलं. इथे विहिरीला बाव म्हणतात. ही बाव जुनी, पायऱ्यांची, आणि तिच्याखाली एक नगरी आहे. मी म्हणत नाही, गाव म्हणतं.

त्या नगरीचं वर्णन गासमध्ये ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. कोणाच्या मते तिथे राजा आहे, कोणाच्या मते सात बहिणी. रस्ते पितळेचे, दिवे कधी न विझणारे, आणि चूल चोवीस तास पेटलेली. आत्मारामने माझ्यासाठी भर घातली, की तिथे नळाला दिवसभर पाणी असतं, टँकर लागत नाही, आणि सोसायटीची मीटिंग भरत नाही. त्या दिवसापासून माझाही त्या नगरीवर थोडा विश्वास बसला.

एक गोष्ट मात्र सगळे सारखीच सांगतात. पूर्वी घरात लग्न निघालं की यजमानाने बावीवर जायचं, हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या आणि लागतील ती भांडी मोठ्याने बोलून मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी पायऱ्यांवर हजर. हंडे, पराती, ओगराळी, सगळं पितळेचं आणि लखलखीत. पंगती उठल्या की घासूनपुसून परत बावीत सोडायची. नव्वद वर्षांपूर्वी धनेशच्या पणजोबांच्या घरी लग्न झालं. वरणाचं ओगराळं होतं आत्मारामच्या आज्याच्या हातात, कारण त्याच्यासारखं वाढणारा गावात दुसरा नव्हता. भांडी परत करायची वेळ आली तेव्हा सगळं भरलं, ओगराळं तेवढं नाही. पुढच्या लग्नाला लोक मागायला गेले तर पायऱ्या रिकाम्या. नगरी बंद झाली ती झालीच.

"शेवटी ज्याच्या हातात होतं, तो चोर," आत्माराम म्हणाला. "तवापासून आमच्या घरच्या मानसाच्या हातात गाव ओगराळं देत नाय. माझ्या लग्नात पन नाय. माझा बाप सोताच्या मांडवात जग घेऊन उभा होता."

हे तो हसत सांगत होता. पण जागृतीचं, त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न गोखिवऱ्याच्या मुलाशी ठरलं आणि त्याचं हसू आटलं. हॉलमध्ये केटरर वाढेल ते वेगळं. मांडवाच्या दिवशी दुपारी दारात गावाची पंगत बसते, ती गावानेच शिजवायची आणि गावानेच वाढायची. "सदाभाऊ," तो म्हणाला, "माझ्या पोरीच्या मांडवात मला माझ्या हातानी वरन वाढायचंय. बाकी काय नाय मागत मी."

मला राग आला. नव्वद वर्षांपूर्वीच्या पळीवरून माणसाला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? मी तावातावाने भागूबाईकडे गेलो. भागूबाई ही धनेशची आजी, ब्याऐंशी वर्षांची, गावातलं सर्वात जुनं माणूस. तिने हो म्हटलं की गाव हो म्हणतं. ज्या लग्नात ओगराळं गेलं ते तिच्या सासूचंच लग्न. भागूबाई स्वतः त्यानंतर पंचवीस वर्षांनी सून होऊन आली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "ओगराळं आना, मंग वाढा."

ते मी आत्मारामला जसंच्या तसं सांगितलं, इथे चुकलो. त्याचे डोळे चमकले.

तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात बावीचा गाळ काढतात. घरटी एक माणूस. यंदा गाळ काढायचा रविवार लग्नाच्या बरोबर आठ दिवस आधी येत होता. आत्मारामने मोडीच्या दुकानातून एक जुनं पितळी ओगराळं पैदा केलं आणि आंबट ताक नि मीठ लावून दहा दिवस मडक्यात दडपलं. बाहेर काढलं तेव्हा ते असं हिरवं कळकलं होतं, की त्यात वाढलेलं वरण खाऊन माणूस थेट त्या नगरीतच पोचला असता. गाळात हे सापडलं की सिद्ध झालं, ओगराळं आज्याने नेलं नव्हतं, बावीतच पडलं होतं. बेत चोख होता. मी एकच विनवणी केली, "बाबा रे, ह्याच्यावर काही लिहू नकोस."

"मग ते त्या नगरीचं हाय हे कळनार कसं?" तो म्हणाला आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसला. मशीन नको, हाताने जुनं वाटेल म्हणे. मी समोर बसून बघत होतो. 'पाताळनगरी, गास' इथवर ठीक झालं. मी चहा आणायला उठलो तेवढ्यात घात झाला. चौतीस वर्षं रोज लग्नाची भांडी कोरलेला तो हात, नाव संपलं म्हणून थांबेल कसा? परत आलो तर दांडीवर ठळक अक्षरांत होतं, 'पाताळनगरी, गास यांजकडून सप्रेम भेट'. आणि हा मान वर न करता मला विचारतो, "तारीख घालू काय?"

पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही. दुसरं ओगराळं मिळवून कळकवायला वेळ नव्हता. लिखाण गाळाने भरून जाईल, कोण वाचतंय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. शनिवारी दुपारी गाव कालवण-भात जेवून आडवं झाल्यावर आम्ही निघालो. मी छत्री उघडून काठावर पहाऱ्याला, आत्माराम पायऱ्या उतरून खाली. गुडघाभर पाणी होतं. ओगराळं चिखलात रोवताना त्याचा पाय सरकला आणि तो फतकल मारून पाण्यात बसला. वर येतोय तोच हंडा घेऊन एक बाई आली. "काय शोधता?" तिने विचारलं. "चष्मा," आत्माराम म्हणाला. चष्मा नाकावर होता. बाई हंडा न भरताच गेली.

रविवारी अख्खं गाव बावीवर. दहा वाजेपर्यंत चपला, दोन बादल्या, एक मोबाइल आणि बराचसा चिखल निघाला. मग धनेशच्या घमेल्यात ओगराळं आलं. धनेशने ते पाण्यात खळबळून धुतलं, इतकं मन लावून धुतलं की मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. मग त्याने मोठ्याने वाचलं.

'सप्रेम भेट'पाशी पहिला हसला तो धनेशच. मग कोणीतरी 'भेट'मधल्या 'भ'ची वळलेली शेपटी दाखवली आणि सगळी बाव हसायला लागली. एकाने विचारलं, पाताळातही दुकान काढलंस काय. दुसरा म्हणाला, आज्याने नेलं, नातवाने नाव घालून परत केलं. आत्माराम हसण्याचा प्रयत्न करत होता. त्याचे कान लाल झाले होते. आता हा चोराच्या घरचा तर होताच, वर लबाडही ठरला. पोरीचं लग्न आठ दिवसांवर, आणि पाण्याचा जग काही हातातून सुटत नाही, एवढं मला कळलं.

भागूबाई काठावर खुर्ची टाकून बसली होती. ती एकटीच हसली नव्हती. काठी आपटून ती फणकारली, "गावाला येडा समजतो काय? ह्याची दांडी सरळ हाय. आपल्या ओगराळ्याची दांडी वाकडी, टोकाला मोराची मान, नि तोंडाला नखाएवढी चीर. त्यातून वरन गळतं."

पोरं एवढी हसत होती, की तिचं बोलणं बहुतेकांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं. आत्मारामने ऐकलं. पंचवीस वर्षं उशिरा गावात आलेल्या बाईला त्या ओगराळ्यातून वरण गळतं हे कुठून ठाऊक? आत्मारामने वर तिच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं, आणि ती म्हातारी क्षणात अशी बारीक झाली, की खुर्ची मोठी वाटू लागली. मी तोंड उघडणार इतक्यात आत्मारामने माझ्या पायावर चिखलाचा पाय दिला. चांगला जोरात दिला.

"चुकलं माझं," तो सगळ्यांना म्हणाला. "पोरीच्या लग्नासाठी केलं. गाळ काढा, पानी चढेल."

संध्याकाळी दुकानात मी त्याच्यावर अक्षरशः ओरडलो. नव्वद वर्षांचा डाग एका वाक्यात धुतला असता, आणि हा मूर्ख गप्प! त्याने माझं सगळं होऊ दिलं. कोणाची तरी परात मशीनखाली धरून तो म्हणाला, "मला पंगतीत वाढायचंय, सदाभाऊ. कोनाला पंगतीतून उठवायचं नाय. आमच्या घरानं ते बघितलंय, कसं असतं ते." मी तसाच घरी आलो आणि सुमेधावर उगाचच चिडलो.

मांडवाच्या दिवशी दुपारी दारात केळीची पानं पडली. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं. धनेश वरणाच्या पातेल्यापाशी, आत्माराम नव्या कोऱ्या सदऱ्यात, हातात जग. जागृती हळदीच्या साडीत दाराशी उभी राहून बापाकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मला त्या पोरीकडे बघवेना.

भागूबाई शेवटी आली. पानावर बसली नाही. काठी टेकत सरळ पातेल्यापाशी गेली आणि लुगड्याच्या आतून एक फडक्याची गुंडाळी काढली. फडकं सोडलं तर वाकडी दांडी, टोकाला मोराची मान. पितळ रोज घासल्यासारखं पिवळंधमक. त्यावर नाव नव्हतं, खूण नव्हती, काहीच नव्हतं.

"हे आमच्या घरात होतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या पानापर्यंत पोचला. "सासूला आवडलं. पोर होती, तेरा वर्सांची. भाताच्या कनगीत लपवलं. मंग बोंब झाली, नि तिची जीभ उचलेना. मरताना मला दिलं, नि माझी पन उचलेना. साठ वर्सं मी ह्याच्या घरच्यांच्या हातचं पानी प्याले नि वर मान करून बसले. चोर आम्ही."

धनेशच्या तोंडाचा रंग उडाला. भागूबाईने त्याला बाजूला सारलं, आत्मारामच्या हातातला जग काढून धनेशला दिला आणि ओगराळं आत्मारामच्या हातात ठेवलं. मग पहिल्या पानावर जाऊन बसली.

"वाढ," म्हणाली.

आत्मारामने पातेल्यात ओगराळं बुडवलं. तोंडाच्या चिरेतून निम्मं वरण वाटेतच गळलं, थोडं तिच्या लुगड्यावर. त्याने भातावर वाढलं. पुन्हा वाढलं. डोळे भरलेले, समोरचं दिसत नव्हतं, आणि हात थांबत नव्हता. वरण भात ओलांडून भाजीत गेलं, भाजीतून लोणच्यात, लोणच्यातून पानाच्या कडेला आलं. तसे भागूबाईने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"बस कर रे," ती म्हणाली. "चार पिढ्यांचं एकटीलाच वाढतोस काय?"